पालकावरचा आळ

त्या दिवशी टेबलावर उन्हापासून वीज बनवणारे दोन सौर सेल होते, एक जास्वंदीच्या रंगाचा आणि एक पालकाच्या. पद्धत तीच, १९९१ साली ओ'रीगन आणि ग्रेत्झेल या शास्त्रज्ञांनी मांडलेली. विद्युतवाहक काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा थर द्यायचा, ४५० अंशांवर भाजायचा आणि रंगात बुडवायचा. रंगावर प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन थरात उतरतात, तिथून काचेत, तिथून तारेत. रंगाची तूट आयोडीनचं द्रावण भरून काढतं. त्यांचा रंग रुथेनियम या धातूचा होता, आमचा फुलापानांचा.

जास्वंदीत थर रंगताना मी अजूनही हातातलं काम सोडून बघत बसतो. अर्क लालभडक, थर मात्र हळूहळू जांभळा होत जातो. अँथोसायनिन हे फुलातलं रंगद्रव्य टायटॅनियमला घट्ट धरतं आणि धरतानाच रंग बदलतं. मग धुतलं तरी निघत नाही. पालकाचा थर जेमतेम पोपटी झाला, आणि अल्कोहोलने धुताना त्यातलाही निम्मा रंग वाहून गेला.

दोन्ही सेल उन्हात ठेवले. जास्वंद ०.४ व्होल्टच्या आसपास. पालक शून्य.

माझी मास्तरकी लगेच सुरू झाली. "पानात क्लोरोफिल प्रथिनांच्या चौकटीत बसवलेलं असतं. इथे ती चौकट नाही, आणि टायटॅनियमला धरायला त्याच्याकडे मोकळे कार्बोक्सिल गटही नाहीत. जे धरतच नाही ते इलेक्ट्रॉन देणार कसं?"

विद्यार्थिनीने वहीत "पालक: ०" लिहिलं. मग मागची पानं चाळत म्हणाली, "पण सर, मागच्या आठवड्यात आपण रंग न लावलेला कोरा थर मोजला होता. त्यानेही थोडंसं दाखवलं होतं. हा त्याच्याहून कमी कसा?"

मी गप्प झालो. कोरा थरसुद्धा उन्हातले अतिनील किरण शोषून चिमूटभर प्रवाह देतोच. साफ शून्य म्हणजे दोष रंगाच्याही आधीचा.

क्लिपा काढून सेल उघडला. थराशेजारच्या मोकळ्या काचेवर मल्टिमीटरच्या दोन्ही पिना टेकवल्या. आकडाच येईना. काच उलटवली, तर १८ ओहम! काचेची एकच बाजू वीज वाहते, आणि थर नेमका दुसऱ्या बाजूला दिला होता. दोन्ही बाजू डोळ्यांना सारख्याच दिसतात, म्हणून आधी मीटर लावून बघायचं असतं, हे दर वर्षी मीच सांगतो. आणि तो थर मीच दिला होता.

नवा थर भाजून, भट्टीतच सावकाश निववून (घाई केली तर काच तडकते) रंगवेपर्यंत ऊन गेलं होतं. दोन्ही सेल हॅलोजनच्या दिव्याखाली धरले. पालकाचा प्रवाह जास्वंदीच्या दहाव्या हिश्श्याएवढाही नव्हता, पण आकडा हलत होता.

तिने वहीतलं शून्य खोडलं आणि बाजूला लिहिलं, "काच उलटी (सर)."