तुम्ही विचारलंत म्हणून: ते गाणं कुणाच्या अमेरिकेचं?

अमेरिकेत नॅशव्हिलला, म्हणजे कंट्री म्युझिकच्या राजधानीत, राहते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: “मग तुम्ही ते कंट्री म्युझिक ऐकता की काय?” हो म्हटलं की लगेच दुसरा: “पण ते तर त्या झेंडेवाल्या, ट्रकवाल्या गोऱ्यांचं ना?” गणपतीत जेवणाच्या रांगेत हा प्रश्न हमखास येतो, आणि हातात ताट धरून त्याचं उत्तर देता येत नाही. म्हणून इथं देते.

विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढचं चित्र खोटं म्हणता येणार नाही. हॅट, बूट, पिकअप, रविवारचं चर्च, सैन्यातला भाऊ आणि ‘खरी अमेरिका म्हणजे आम्हीच’ ही ठाम समजूत, हे सगळं त्या गाण्यांत आहे. माझं म्हणणं एवढंच, की हे चित्र दुकानात बसून जुळवलेलं आहे आणि जुळवताना बरीच माणसं त्यातून कापलेली आहेत.

वाद्यंच बघा. बँजो हे तंतुवाद्य पश्चिम आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलं. फिडलची, म्हणजे व्हायोलिनची, परंपरा स्कॉटलंड-आयर्लंडकडची, स्टील गिटार हवाई बेटांवरची. कंट्रीचा पहिला मोठा तारा जिमी रॉजर्स यॉडलिंग करायचा, म्हणजे गाताना आवाज झटक्यात वर-खाली उडवायचा; ते मूळचं आल्प्समधलं. आपल्याला किशोरकुमारमुळे ओळखीचं. चकाकत्या खड्यांचे ते प्रसिद्ध काऊबॉय सूट शिवणारा न्यूडी कोन हा कीव्हमध्ये जन्मलेला ज्यू शिंपी. १९२७च्या उन्हाळ्यात टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात राल्फ पीर हा व्हिक्टर या तबकड्यांच्या कंपनीसाठी ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन आला आणि रॉजर्स व गाणारं कार्टर कुटुंब यांचं पहिलं ध्वनिमुद्रण तिथं झालं. पुढे त्या कुटुंबातला ए. पी. कार्टर गाणी गोळा करत डोंगरदऱ्यांतून हिंडायचा, तेव्हा सोबत लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवादक असायचा. शब्द कार्टर टिपून घ्यायचा, चाल रिडल डोक्यात ठेवायचा. तबकडीवर नाव कार्टरचं.

कंपन्यांच्या विक्रीच्या याद्याच मुळी दोन होत्या. काळ्या गिऱ्हाइकांसाठी ‘रेस’, गोऱ्या खेडवळांसाठी ‘हिलबिली’. दक्षिणेत दोन्हीकडचे वादक एकमेकांची गाणी सर्रास वाजवत, पण यादीत गाण्याला रंग एकच.

नॅशव्हिलचा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा १९२५ साली सुरू झालेला रेडिओ कार्यक्रम. सुरू केला एका विमा कंपनीनं. डब्ल्यूएसएम या तिच्या रेडिओ स्टेशनची अक्षरंसुद्धा विम्याच्या घोषवाक्यातली. आजही तिथं गेलात तर अधूनमधून निवेदक स्टेजवर उभा राहून जाहिरात वाचतो. मला ते फार आवडतं. निदान लपवाछपवी नाही. १९२७ साली निवेदक जॉर्ज हे (Hay) यानं आधीच्या शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमाची थट्टा करत हे नाव ठेवलं, आणि त्या बारशाला जे वादन झालं ते डीफोर्ड बेलीचं: माऊथ ऑर्गनवर धावणारी आगगाडी. बेली काळा. दौऱ्यावर गोऱ्या सहकाऱ्यांच्या हॉटेलात त्याला खोली मिळायची नाही. १९४१ साली त्याला काढून टाकलं. मग त्यानं याच शहरात बूटपॉलिशचं दुकान चालवलं. कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं २००५ साली, तो जाऊन २३ वर्षं झाल्यावर.

पण ‘म्हणजे सगळं चोरलेलंच’ म्हणून हात झटकणाऱ्यांशीही माझं पटत नाही. ‘हिलबिली’ ही गोऱ्या गरिबांना दिलेली शिवीच होती. कंट्री गायक मर्ल हॅगर्डचे आईवडील मंदीच्या काळात ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियात पोट भरायला आले. अशा लोकांना तिथं ‘ओकी’ म्हणून हिणवत. घर म्हणजे मालगाडीचा जुना डबा, वडिलांनी राहण्याजोगा केलेला. पोरगं पुढं वाया गेलं, सॅन क्वेंटिनच्या तुरुंगापर्यंत पोचलं. त्याच माणसानं १९६९ साली, व्हिएतनामचं युद्ध चालू असताना, तीच शिवी छातीवर मिरवत गाणं केलं: आम्ही ओकी, आम्ही झेंड्याला मान देतो, आम्ही त्या हिप्पींसारखे नाही. गाणं तुफान चाललं. त्यात माज आहेच, पण आधी किती अपमान गिळलाय तेही ऐकू येतं.

त्यानंतरचा किस्सा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हॅगर्डला पुढचं गाणं काढायचं होतं ते एका गोऱ्या पुरुषाच्या आणि काळ्या स्त्रीच्या प्रेमाचं. कंपनीच्या माणसांना ते नको होतं. १९७० साली बाजारात आलं ते ‘देश आवडत नसेल तर चालते व्हा’ छापाचं. (हा सल्ला आपल्याकडेही मिळतो, असो.) प्रेमाचं गाणं यायला १९७२ उजाडलं. त्याच १९७० साली राष्ट्राध्यक्ष निक्सननं व्हाइट हाऊसमध्ये जॉनी कॅश या दुसऱ्या कंट्री गायकाकडे त्या ओकी गाण्याची फर्माईश केली. कॅशनं ते गायलं नाही.

२००३ साली, इराकवर हल्ला व्हायच्या तोंडावर, डिक्सी चिक्स या तिघींच्या कंट्री बँडमधल्या नॅटली मेन्सनं लंडनमध्ये स्टेजवरून सांगितलं, की राष्ट्राध्यक्ष (बुश) आमच्या टेक्ससचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. कितीतरी रेडिओ स्टेशनांनी त्यांची गाणी बंद केली, त्यांच्या सीडींवरून ट्रॅक्टर फिरवला गेला. आणि त्यांची बाजू घेऊन जाहीरपणे बोलणाऱ्यांत कोण? हॅगर्ड.

माझी स्वतःची या देशभक्तीच्या गाण्यांशी गाठ पडली ती नागरिकत्वाच्या शपथेच्या दिवशी. प्रत्येकाच्या हातात वीतभर झेंडा. एका बाजूला कुर्द आजोबा (नॅशव्हिलमध्ये कुर्दांची वस्ती मोठी आहे), दुसऱ्या बाजूला मेक्सिकोची बाई, मांडीवर झोपलेलं पोर. शपथ झाली आणि पडद्यावरच्या चित्रफितीबरोबर ली ग्रीनवुडचं ‘गॉड ब्लेस द यूएसए’ हे १९८४चं गाणं सुरू झालं. तेच, जे रिपब्लिकन सभांमध्ये वाजतं. आजोबांचं इंग्रजी बेताचंच, पण ध्रुपद पाठ. टेनेसीच्या डोंगरांचा उल्लेख आला तशी त्यांनी मान डोलावली, आपल्या गावाचं नाव निघाल्यासारखी. सभेत ते वाजतं तेव्हा समोर जी माणसं असतात, त्यांतलं इथं कुणीच दिसत नव्हतं, फार तर न्यायाधीश सोडले तर. आणि गाण्याचं काही अडत नव्हतं.

म्हणून ‘ते त्यांचं ना?’ याला माझं उत्तर: त्यांचं आहेच, पण ‘ते’ म्हणजे कोण हे अजून ठरायचंय आणि भांडण चालू आहे. २०२४ साली ह्यूस्टनच्या बियॉन्सेनं, म्हणजे एका काळ्या पॉप गायिकेनं, कंट्रीचा अल्बम काढला. कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कारांत तिला एकही नामांकन मिळालं नाही. पुढच्या फेब्रुवारीत ग्रॅमीचा सर्वोत्तम कंट्री अल्बम तिचाच ठरला. मला तो अल्बम जरा लांबलेला वाटला, पण भांडणासाठी उत्तम.

कुठून सुरुवात करावी, असंही काहीजण विचारतात. चार्ली प्राइड लावा. मिसिसिपीतल्या, वाट्यानं कापूस पिकवणाऱ्या काळ्या कुटुंबातला. १९६६ साली त्याची पहिली तबकडी रेडिओवाल्यांकडे फोटोशिवाय पाठवली होती. पाच वर्षांनी असोसिएशनचा सर्वांत मोठा पुरस्कार त्याला मिळाला. मग हॅगर्ड ऐका, पण ओकीवाला नको, तुरुंगाची गाणी म्हणणारा. हल्ली गाडीत रेडिओवर जे लागतं ते मात्र मीही बंद करते. नुसती बिअर आणि ट्रक.