ओळखीचं माणूस

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी पहाटे पाचला मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते आणि खिशात फोन थरथरत होता. घेतला नाही. कुणाचा ते ठाऊक होतं. दोन दिवसांत आमच्या घरोब्यातल्या वहिनींचे चार फोन येऊन गेले होते आणि प्रत्येकाचा शेवट एकच, "अगं, तू आहेस ना तिथे, मग आम्हाला कसली काळजी!"

तिथे म्हणजे आमच्या युनिटमध्ये. मी अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डमध्ये वैमानिक आहे, एरवी एका प्रवासी विमान कंपनीत. गार्ड हे राखीव दल. कागदावर महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षाचे दोन आठवडे. तेवढ्यावर वैमानिकाचा हात राहत नाही, म्हणून महिन्याला आणखी चार-सहा दिवस जातातच, आणि घरच्यांनी ते गृहीत धरलेलं बरं. एरवी आम्ही राज्याच्या गव्हर्नरच्या हुकमाखाली, देशपातळीवर बोलावणं आलं की राष्ट्राध्यक्षांच्या. विमान केसी-१३५, हवेतल्या हवेत दुसऱ्या विमानांना इंधन पाजणारा टँकर. या जातीचं शेवटचं विमान १९६५ साली कारखान्यातून बाहेर पडलं. म्हणजे आमचं सगळ्यात तरुण विमानसुद्धा माझी आई ठाण्याच्या शाळेत दुसरीत होती तेव्हाचं.

त्या शनिवारी भरतीचं बोर्ड होतं, म्हणजे नव्या वैमानिकांच्या निवडीच्या मुलाखती. जागा दोन, अर्ज साठच्या वर, मुलाखतीला बोलावलेले अकरा. त्या अकरांत वहिनींचा मुलगा होता.

नियमित हवाई दलात आधी अधिकारी व्हायचं, मग दल सांगेल तिथे जायचं. गार्डमध्ये उलटं. युनिट स्वतः माणूस निवडतं, स्वतःच्या नावावर प्रशिक्षणाला पाठवतं, आणि तो माणूस शिकून परत त्याच युनिटमध्ये येतो. निवड झाली की ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावर वैद्यकीय तपासणी, अलाबामात मॅक्सवेलला अधिकारी प्रशिक्षण, मग वर्षभर विमान प्रशिक्षण, वॉशिंग्टन राज्यातल्या फेअरचाइल्डला जंगलात तगून राहण्याचे धडे, आणि टँकरवाल्यांना शेवटी टँकर शिकायला ओक्लाहोमातलं आल्टस. दोन-अडीच वर्षं सहज जातात. छातीवर वैमानिकाचे पंख लागले की त्या दिवसापासून दहा वर्षांचं बंधन. बहुतेक लोक वीस वर्षं राहतात. एकाच हँगरमध्ये, त्याच तीस-चाळीस वैमानिकांबरोबर.

आपल्याकडच्या पोरांना हे कळायला वेळ लागतो, कारण आपण वाढतो प्रवेशपरीक्षांवर. इथेही परीक्षा आहेत. एएफओक्यूटी नावाची लेखी परीक्षा, तिच्यात गणित-भाषेबरोबर तक्ते झरझर वाचणं, ठोकळे मोजणं, उपकरणं पाहून विमानाची स्थिती ओळखणं. मग टीबास, संगणकासमोर जॉयस्टिक आणि पायाखाली रडरची पेडलं, कानात आकडे-अक्षरं ऐकू येताहेत आणि पडद्यावरचा ठिपका सुटता कामा नये. या दोन्हींत उड्डाणाचे तास मिसळले की पीसीएसएम नावाचा १ ते ९९मधला एक आकडा हाती येतो. वहिनींच्या मुलाचा ९४ होता. वहिनींनी तो मंडळाच्या तिळगुळाला सगळ्यांना सांगितला होता.

पण हे पत्रिका जुळण्यासारखं आहे. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले म्हणून कुणी परस्पर अक्षता टाकत नाही. घरी जावं लागतं, बसावं लागतं, कांदेपोहे खावे लागतात. इथे त्याला 'रश' म्हणतात: अर्जाच्या आधीच युनिटला लिहायचं, ड्रिलच्या, म्हणजे महिन्याच्या त्या हजेरीच्या, शनिवार-रविवारी भेटायला येऊ का विचारायचं, यायचं, लोकांशी बोलायचं, परत यायचं. मी स्वतः २००८ साली पाच युनिटांची नकारघंटा ऐकली होती. सहाव्या ठिकाणी अकरा तास गाडी चालवत गेले, तीही तीनदा. तिसऱ्या खेपेला एका बूम ऑपरेटरने, म्हणजे इंधनाची नळी दुसऱ्या विमानाला जोडणाऱ्याने, मला मागे नेलं आणि विमानाच्या शेपटीखालच्या खिडकीशी पालथं झोपून ते लोक काम कसं करतात ते दाखवलं. त्या तासाभरात मला या नोकरीबद्दल जे कळलं ते कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं.

हे सगळं मी त्या मुलाला सहा महिने फोनवर सांगत होते. "हो मावशी," तो म्हणायचा. आला एकदाच, शुक्रवारी संध्याकाळी, बोर्डाच्या आदल्या दिवशी, जेव्हा सगळ्यांनाच बोलावलेलं असतं.

आमच्या स्क्वाड्रनमध्ये एक छोटा बार आहे. पॉपकॉर्नचं यंत्र, भिंतीवर जुन्या मोहिमांच्या पाट्या आणि दाराशी एक पितळी घंटा. डोक्यावर टोपी ठेवून कुणी आत आलं की घंटा वाजते आणि त्याने सगळ्यांना एकेक पेय पाजायचं. उमेदवारांना हे कुणी सांगत नाही. त्या दिवशी आयोवाचा एक मुलगा बेसबॉलची टोपी घालूनच आत शिरला. शेतांवर फवारणी करणारी विमानं उडवणारा. घंटा वाजली, सगळे ओरडले. तो आधी गोंधळला, मग टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "माझं कार्ड चालेल की नाही बघतो, पिकाचे पैसे ऑक्टोबरलाच संपले." पुढचे दोन तास तो सार्जंट लोकांच्या घोळक्यात होता.

वहिनींचा मुलगा टोपी न घालता आला. इस्त्रीचा शर्ट, चकाकते बूट. खोलीभर नजर फिरवली, मला पाहिलं आणि थेट माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "मावशी, मी कुठे उभा राहू?"

शेजारी आमचा ऑपरेशन्स ऑफिसर होता. "काय म्हणाला तो तुला?" मी म्हटलं, मावशी. म्हणजे आईची बहीण. "तू त्याच्या आईची बहीण आहेस?" नाही. "मग?" आता मावशी हा प्रकार एका मिडवेस्टर्न माणसाला बिअरचा ग्लास हातात असताना किती समजावणार. मी मुलाला म्हटलं, जा, त्या लोकांशी बोल, ते बूम ऑपरेटर आहेत, उद्या त्यांच्यातली एक बोर्डावर आहे. तो गेला. दहा मिनिटांत परत माझ्या कोपराशी उभा. मी पाणी आणायला गेले, मागे आला. रागवावं असं काही नव्हतं. अनोळखी खोलीत ओळखीचं माणूस दिसलं की आपण सगळेच तसे चिकटतो. मंडळाच्या कार्यक्रमात मीही तेच करते.

कमांडरला मी आधीच सांगून ठेवलं होतं की हे कुटुंब माझ्या घरोब्याचं आहे. तो म्हणाला, खोलीत बस, मत देऊ नकोस. म्हणून शनिवारी सकाळी आठ वाजता लांब टेबलाच्या एका टोकाला मी थर्मासमधला चहा घेऊन बसले होते. वही समोर ठेवायलाही परवानगी नव्हती.

अकरा मुलाखतींमधल्या आठ आता मला नीट आठवतही नाहीत. सगळे बरे होते. "तुमचा दोष सांगा" यावर तिघांनी सांगितलं की आम्ही जरा जास्तच मेहनत करतो. टेबलापलीकडच्या माणसांनी हे उत्तर किती वेळा ऐकलेलं असतं याची कल्पना उमेदवारांना कुणीतरी द्यायला हवी.

आयोवावाल्याने आपली चूक सांगितली ती एकदा अनोळखी विमानतळावर चुकीच्या टॅक्सी-वेवर शिरल्याची. टॉवरने कसं झापलं, त्याची नक्कल करून दाखवली, आणि त्यानंतर तो उड्डाणाआधी विमानतळाचा नकाशा हाताने काढतो म्हणाला. खिशातून एक चुरगळलेला कागद काढून दाखवला. आमच्याच धावपट्टीचा.

नववी आमच्या हँगरमधली होती. दिवसा आमच्याच विमानांची मेकॅनिक, रात्रीच्या वर्गांतून पदवी, आणि पगारातून उरलेल्या पैशांत एका लहान विमानतळावर छोटं सेसना विमान शिकून खासगी लायसन्स. पीसीएसएम ६१. तिलाही तोच प्रश्न.

ती म्हणाली, दोन हिवाळ्यांपूर्वी एका सकाळी हत्यारांची पेटी मोजताना फोममधला एक कप्पा रिकामा दिसला. तपासणीचा छोटा आरसा, तळहाताएवढा. हत्यार सापडत नाही म्हणजे ते विमानात कुठेतरी असू शकतं, म्हणजे विमान उडणार नाही. इंजिन सुरू व्हायला वीस मिनिटं होती. "माझ्या मनात पहिलं आलं ते असं, की हा कप्पा कालही रिकामाच असेल."

बूमवाल्या सिनिअर मास्टर सार्जंट बाईंनी मान वर केली. "किती वेळ तसं वाटलं?"

"अर्धा मिनिट असेल."

मग तिने जाऊन सांगितलं. उड्डाण रद्द. चार एफ-१६ लढाऊ विमानं आमच्याकडून इंधन घ्यायला निघणार होती, त्यांचाही दिवस वाया. सहा तास लोक गुडघ्यांवर बसून शोधत होते. आरसा सापडला तिच्याच कोटाच्या फाटक्या अस्तरात.

माझा चहा घशातच अडकला. त्या सकाळी त्या विमानाची कमांडर मी होते. सगळी तयारी करून, चार तास आधी उठून, गाडीतून विमानापाशी पोचले आणि परत फिरावं लागलं. तेव्हा व्हॅनमध्ये मी मोठ्याने म्हणाले होते की या लोकांना साधी हत्यारं मोजता येत नाहीत का. व्हॅन चालवणारा मेंटेनन्सचाच होता. तिच्यापर्यंत ते पोचलं नसेल असं होणं शक्य नाही. तिने कुणाचं नाव घेतलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.

दहावा वहिनींचा मुलगा.

सुरुवात झकास केली. आवाज स्वच्छ, उत्तरं मुद्देसूद. अर्जात त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं की खासगी लायसन्सच्या परीक्षेत पहिल्या खेपेला तो नापास झाला होता. यात काही वावगं नाही, टेबलावरच्या निम्म्या लोकांची एखादी परीक्षा गेलेलीच असते. सार्जंट बाईंनी विचारलं, "त्या दिवशी काय झालं?"

"परीक्षक फार कडक होता, वारा आडवा होता, आणि विमान भाड्याचं होतं, मला नवीन."

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, मला माहीत होतं. मी टेबलाखाली हाताची मूठ आवळली. सांग, पुढचं सांग. वाऱ्याकडे विमानाचं नाक किती वळवायचं ते चुकलं, भीती वाटली, परत गेलो, शिकलो.

"आणि दुसऱ्या खेपेला वेगळं काय केलंत?"

तो क्षणभर थांबला. "दुसऱ्या खेपेला वारा नव्हता."

कुणी हसलं नाही. सार्जंट बाईंनी पेन खाली ठेवलं.

चर्चा तासभर चालली. मेकॅनिकचं नाव आलं तेव्हा कमांडरने माझ्याकडे पाहिलं, काही सांगायचंय का. मी म्हटलं, एवढंच की त्या दिवशी ते विमान माझं होतं. "ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच टेबलावर हशा पिकला. माझे कान तापले. मुलाचं नाव आलं तेव्हा त्याने तसंच पाहिलं. मी मान हलवली. ऑपरेशन्स ऑफिसर म्हणाला, "पोरगा हुशार आहे. गुण सगळ्यांत जास्त. पण काल दोन तास तो आमच्या बारमध्ये होता, आज पंचवीस मिनिटं समोर बसला, आणि मला त्याच्याबद्दल नक्की अशी एकच गोष्ट ठाऊक आहे. ही त्याची मावशी आहे."

मेकॅनिक आणि आयोवावाला. राखीव म्हणून तिसरं एक नाव, तेही याचं नाही. कमांडरने संध्याकाळी सगळ्यांना स्वतः फोन केले, नकार असलेल्यांनाही. आमच्याकडे ती पद्धत आहे. मेकॅनिकला फोन गेला तेव्हा ती हँगरमध्ये विमानाच्या चाकापाशी होती. मी तिला जाऊन सांगितलं की त्या सकाळी व्हॅनमध्ये बोलले ते मी चुकीचं बोलले. ती म्हणाली, "मॅडम, उणे अठरा तापमान होतं, मीही काहीतरी बोलले होते."

रविवारी सकाळी मी वहिनींचा फोन घेतला.

"अगं, तू होतीस ना आत?"

"होते. पण माझं मत नव्हतं, वहिनी. घरोबा आहे म्हणून मी आधीच सांगितलं होतं."

बराच वेळ काही आवाज नाही. मागे कुकरची शिट्टी झाली. "अगं बाई. न सांगतीस तर त्यांना कळलं असतं का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कारण कळलं नसतं असं म्हणावं, तर शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या मुलानेच बारभर सांगून झालं होतं. मी पोह्यांना फोडणी द्यायला उठते म्हणून फोन ठेवला.

मुलाचा फोन आला नाही. राग धरला असेल असं वाटलं. मग तीन आठवड्यांनी, रात्री मी शिकागोच्या हॉटेलात असताना, एक लांबलचक मेसेज आला. दुसऱ्या राज्यातल्या एका टँकर युनिटला त्याने लिहिलं होतं, त्यांचं उत्तर आलं होतं, पुढच्या महिन्याच्या ड्रिलला ये म्हणून. सात तासांचा रस्ता. सुरक्षा चौकशीचा तो लांबलचक फॉर्म, जो निवड झाल्यावर भरायचा असतो, तो त्याने उतरवून घेऊन आत्ताच भरायला घेतला होता. परदेशातल्या कुणाकुणाशी सात वर्षांत जवळचे संबंध आहेत त्याची यादी करताना साताऱ्याची आत्या, नागपूरचे दोन मामा आणि पुण्यातला एक शाळेतला मित्र एवढ्यांत पानं भरली, असं लिहून पुढे हसरा चेहरा. त्याने एका शिक्षकाबरोबर आडव्या वाऱ्याचे सहा तास केले होते. आणि शेवटी:

"मावशी, तिथे तुझ्या ओळखीचं कुणी आहे का?"

आहे. ओक्लाहोमातल्या व्हान्स तळावर विमान प्रशिक्षणात वर्षभर माझ्या शेजारच्या खोलीत राहिलेली, आल्टसला माझ्याबरोबर गेलेली मैत्रीण. आता तिथे भरतीचं काम तीच बघते. गेल्याच आठवड्यात आम्ही बोललो होतो.

"नाही," मी लिहिलं आणि दिवा मालवला.