दिवेआगर-पुणे, १९९७ च्या मारुतीतून: एक 'टक' आणि एक 'घर्र'

पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला जाताना आमच्या जुन्या ८०० ने काही कुरकुर केली नाही, त्यामुळे जाण्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पौड, मुळशी, घाट, विळे, निजामपूर, माणगाव, म्हसळा. सुट्टीच्या दिवशी माणगावात हमखास अडकायला होतं, म्हणून पहाटे निघा. टाकीही तिथेच भरून घ्या.

परतीच्या दिवशी सकाळी सुपारीच्या वाडीत चावी फिरवली, तर नुसतं 'टक'. पुन्हा 'टक', आणि डॅशबोर्डवरचे दिवे गपकन विझून परत लागले. बॅटरी बसली असं समजून मी चौथ्यांदा चावीला हात घातला, तेवढ्यात घरमालक काका ओटीवरून म्हणाले, "अहो, सारखा सेल्फ मारू नका. आधी बॉनेट उघडा."

बॅटरीच्या प्लसवर हिरवट-पांढरा फुलोरा आला होता आणि टर्मिनल बोटानं गोल फिरत होतं. समुद्राच्या हवेला दोष द्यायचा मोह झाला, पण दोन रात्रींत एवढं साचत नाही. तो फुलोरा मी पुण्याहूनच आणला होता. आधी मायनस सुटा केला (काढताना मायनस आधी, लावताना शेवटी, नाहीतर पाना बॉडीला लागून ठिणगी उडते), मग प्लस. काकूंनी गरम पाण्यात खायचा सोडा घालून दिला. ओतल्यावर सगळं फसफसलं. पॉलिश पेपरनं शिसं चकचकीत होईपर्यंत घासलं, नट आवळले, वर व्हॅसलीन. पहिल्या सेल्फला गाडी चालू.

म्हणून गाडी चालू होत नसेल तर आधी कान द्या. 'टक' होत असेल तर हेडलाइट लावून बघा. मुळातच मंद असतील तर बॅटरी उतरली आहे. लख्ख आहेत पण सेल्फ मारताच मरतात, तर आधी टर्मिनल बघा. लख्खच राहिले आणि नुसतं टक झालं, तर बहुधा स्टार्टरचंच काम आहे. याउलट सेल्फ घर्र घर्र जोरात फिरतोय पण इंजिन उचलत नाही, तर बॅटरीच्या मागे लागू नका. पेट्रोल किंवा स्पार्क, दोन्हीपैकी एक काहीतरी पोचत नाहीये.

हे दुसरं प्रकरण त्याच दुपारी दीड वाजता, ताम्हिणीच्या चढावर. मोदकांपायी उशिरा निघालो ही आमची चूक. एका ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चढत होतो, इंजिन दोनदा खोकलं आणि वळणाच्या पुढे गप्प झालं. हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, पार्किंगचे दिवे. सेल्फ झकास फिरत होता.

चावी बंद केली, एअर फिल्टरचं झाकण काढलं आणि रेसची (अॅक्सिलरेटरची) तार हातानं ओढली. कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) घशात पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. कोरडं! टाकी अर्धी भरलेली असताना. म्हणजे तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ झालेली. पंप नुसती वाफच दाबत बसतो, पेट्रोल चढत नाही. मेकॅनिक याला 'एअर धरला' म्हणतात.

उपाय म्हणजे सुती फडकं भिजवून पंपावर ठेवायचं. टाकीकडून येणारी नळी धरून गेलात की इंजिनाला चिकटलेला पंप सापडतो. सरळ पाणी ओतू नका, शेजारी प्लगना स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर असतो. दर चार-पाच मिनिटांनी फडकं परत भिजवत मी पंचवीस मिनिटं काढली. मग पाच-पाच सेकंद सेल्फ, मध्ये दम. तिसऱ्या खेपेला लागली.

पिचकारी उडत असेल तर मात्र स्पार्क बघा. पावसाळ्यात तर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतला ओलावा पुसणं हे पहिलं काम. आणि पेट्रोलचा भपकारा येत असेल तर इंजिन ओव्हर झालंय, म्हणजे जास्तीच्या पेट्रोलनं प्लग भिजलेत: चोक आत, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ. घाटात धक्कास्टार्टचा विचारही करू नका, इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा लागतो.

डिकीत दहा नंबरचा पाना, प्लग पाना, पॉलिश पेपर, जम्पर केबल, जुनी बनियन आणि पाच लिटर पाणी असू द्या. घाटात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. पुण्यात आल्यावर पंप आणि सगळ्या रबरी नळ्या बदलून घेतल्या. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, इतक्या जुन्या रबराला ते मानवत नाही.

मुळशीला टपरीवर थांबलो तेव्हा मी चावीला हात लावणार, तोच बायको म्हणाली, "खबरदार." पेट्रोल जळतंय हे दिसत होतं, पण चहा आम्ही चालू गाडीत बसूनच प्यायलो.