चांदणीला कासरा नाही

१४ जानेवारी, मिनिआपोलिस

पहाटे उणे १८ होतं. चांदणी, आमची सायबेरियन हस्की कुत्री, मागच्या अंगणात बर्फावरच अंग मुडपून, शेपूट नाकावर ओढून झोपली होती. आत ये म्हणून चार हाका मारल्या. चौथ्या हाकेला एक कान माझ्याकडे वळला, बाकी काही हललं नाही. हाक ऐकू आली होती, कळलीही होती. तिला यायचं नव्हतं.

ती आमच्याकडे आली त्याला आता अकरा महिने होतील. तेव्हा तीन वर्षांची होती, आधीच्या दोन घरांनी परत आणून सोडलेली. आश्रयगृहातल्या कागदावर तिच्याबद्दल एवढंच लिहिलं होतं : हट्टी, शिकत नाही. सुरुवातीला ज्या प्रशिक्षिकेकडे नेलं तिनेही हस्की म्हणजे असंच असं सांगितलं आणि गळ्यात आवळणारी साखळी घालायला लावली. चांदणीचं ओढणं थांबलं नाही, ती खोकायला मात्र लागली. आठव्या दिवशी मी साखळी काढून टाकली. ते आठ दिवस अजून मनातून जात नाहीत.

मला राग येतो तो 'शिकत नाही' या शब्दांचा. 'बस' ती दोन दिवसांत शिकली. दार उघडलं तरी उंबऱ्याच्या आत थांबायचं, हे एका आठवड्यात. फक्त एकच गोष्ट तिसऱ्यांदा करायला सांगितली की ती उठून निघून जाते. दोनदा करून दाखवलं, आता पुन्हा कशाला, असाच तिचा हिशेब असावा. म्हणून आता आमचा अभ्यास तीन-चार मिनिटांचा. तिला कंटाळा यायच्या आधी मीच थांबते, आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून समोर येऊन उभी राहते.

हस्की मंद असतात म्हणणारे बहुतेक लोक एका क्रमवारीचा आधार घेतात. स्टॅनली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने १९९४ साली ती प्रसिद्ध केली. सायबेरियन हस्की तिच्यात ४५ व्या जागी आहे. पण ती तयार झाली आज्ञापालनाच्या स्पर्धांचे परीक्षक काय म्हणतात त्यावरून. सांगितलेलं किती लवकर आणि किती वेळा ऐकतो, एवढंच तिच्यात मोजलं आहे. कोरेन स्वतःच उपजत बुद्धी आणि अडचणीतून वाट काढायची बुद्धी वेगळी धरतात. आमच्या फाटकाची कडी नाकाने वर ढकलून उघडायची हे चांदणीला कुणी शिकवलं नव्हतं.

१९ जानेवारी

रविवारचा अण्णांचा फोन. त्यांच्याकडे रात्र, आमच्याकडे सकाळ. कॅमेरा चांदणीवर धरला की अण्णा माझ्याशी बोलायचे थांबतात. नाव त्यांनीच ठेवलं आहे, कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यामुळे. आमच्या गोठ्यात या नावाची गाय होती.

आज त्यांना सांगत होते की फिरायला नेलं की ही खांदा निखळेल इतकं ओढते आणि मी अजून तिला 'ओढू नको'च शिकवते आहे.

अण्णा म्हणाले, "आगं, वढायची जात हाय ती. वढू नगं म्हनून कसं जमंल?"

मग खिल्लाराबद्दल बोलत राहिले. माण तालुक्यातली आमची शेती, आणि अण्णांनी आयुष्यभर खिल्लारच ठेवले. चपळ, काटक, आणि तापट म्हणून नाव झालेली जात. दुसऱ्याच्या हाताखाली बिघडलेले खोंड लोक अण्णांकडे आणून बांधायचे. त्यांची रीत मी लहानपणी बघितलेली, पण तिच्याकडे कधी नीट लक्ष दिलं नव्हतं. नवा खोंड आधी जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपायचा. पहिल्या दिवशी नांगर नाही, मोकळं लाकूड ओढायला द्यायचं. दमायच्या आधी सोडायचं. "त्याला वाटलं पायजे, अजून थोडं चाललं असतं," हे अण्णांचं वाक्य.

मी त्यांना म्हटलं, अण्णा, इथले स्लेजवाले, म्हणजे कुत्रे जुंपून बर्फावर गाडी हाकणारे, अगदी हेच करतात. नवं पिल्लू अनुभवी कुत्र्याशेजारी जुंपतात, आणि त्याही आधी हलकं लाकूड किंवा टायर मागे बांधून ओढायची सवय लावतात. अण्णांना यात काहीच नवल वाटलं नाही. "मग दुसरं कसं करनार?" एवढंच म्हणाले.

२७ जानेवारी

काल डुलुथला गेलो, बेअरग्रीसची शर्यत सुटताना बघायला. लेक सुपीरियरच्या उत्तर किनाऱ्याने जाणारी लांब पल्ल्याची स्लेज शर्यत. नाव जॉन बेअरग्रीस यांचं. ते अनिशिनाबे या इथल्या मूळनिवासी समाजातले टपालवाहक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, रस्ता नव्हता तेव्हा, टू हार्बर्स ते ग्रँड मरे हे टपाल ते हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाडीने न्यायचे.

शर्यतीतले बहुतेक कुत्रे अलास्कन हस्की, म्हणजे वेगासाठी केलेली मिश्र पैदास. चांदणीसारखे शुद्ध सायबेरियन थोडेच. पण स्वभावाचा धागा एकच.

सुटायच्या आधी तिथे उभं राहवत नाही इतका गोंगाट असतो. प्रत्येक कुत्रा ओरडतो, जागच्या जागी उड्या मारतो, दोरी चावतो. माणसं दोन्ही बाजूंनी धरून असतात तरी गाडी पुढे सरकते. आणि मग ती सुटते आणि क्षणात सगळं शांत. ओरडणं बंद. उरतो तो फक्त पायांचा आणि बर्फावर घासणाऱ्या पट्ट्यांचा आवाज. त्या शांततेने माझ्या अंगावर काटा आला. हट्टी म्हणून ज्याला हिणवतात तोच जीव, आपलं काम हाती आल्यावर इतका एकचित्त होतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गाडी हाकणाऱ्याच्या हातात लगाम नसतो. पुढच्या कुत्र्याला वळवायचं ते नुसत्या आवाजाने. 'जी' म्हणजे उजवीकडे, 'हॉ' म्हणजे डावीकडे, 'हाईक' म्हणजे निघा, 'व्हो' म्हणजे थांबा, 'ऑन बाय' म्हणजे समोर काहीही असो, बघू नका, पुढे चला. पुढचा कुत्रा माणसापासून वीस-तीस पावलं लांब, त्याची पाठ माणसाकडे. न शिकणाऱ्या जातीला हे जमेल का? आणि चांगल्या पुढारी कुत्र्याकडून आणखी एक अपेक्षा असते. पुढचा बर्फ कच्चा आहे असं त्याला जाणवलं, तर त्याने हुकूम मोडायचा. माणसाला तो बर्फ दिसत नसतो. सायबेरियात चुकची लोकांनी पिढ्यान् पिढ्या जपलेली ही जात. आज आपण ज्याला हट्ट म्हणतो, त्याच्यापायी किती माणसं जिवंत घरी पोचली असतील.

येताना गाडीत ठरवलं. 'ओढू नको' बंद. दोन वेगळे पोशाख. गळ्यात साधा पट्टा असेल तेव्हा सैल दोरीने, माझ्याबरोबर चालायचं. अंगात हार्नेस, म्हणजे ओढायचा साज, आणि माझ्या कमरेच्या पट्ट्याला लवचीक दोरी असेल, तेव्हा जिवाच्या आकांताने ओढायचं. अण्णांच्या बैलांनाही कळायचंच. झूल आली की पोळा, जू आलं की रान.

९ फेब्रुवारी

आज ती पळाली. कुरिअरवाल्याने फाटक अर्धं उघडं ठेवलं आणि तिला तेवढं पुरलं.

चाळीस मिनिटं. मी नोकोमिस तळ्यापर्यंत धावत गेले, हाका मारत. दोनदा दिसली. एकदा तर माझ्याकडे बघून थांबली, आणि खारीमागे वळली. 'ये' ही हाक आम्ही दहा मीटरच्या दोरीवर महिनोन् महिने घोटली आहे, प्रत्येक वेळी उकडलेल्या चिकनचा तुकडा देऊन. दोरीवर ती दहातली नऊ वेळा येते. पण मोकळी सुटून समोर खार असली की ते नऊ कुठल्या कुठे जातात. हे मान्य केलंच पाहिजे. हस्कीला मोकळं सोडू नये असं जाणकार सांगतात, त्यांचं बरोबर आहे. रस्त्यावर गाडी येते तेव्हा दहावी वेळ तिचा जीव घेईल.

शेवटी हात कापायला लागले तेव्हा घरी जाऊन हार्नेस घेऊन आले. का, ते नीट सांगता येणार नाही. तळ्याच्या काठाला उभी राहून त्याची बकलं वाजवली आणि रोज निघताना विचारते तसं विचारलं, "जायचं?" झाडांमधून ती सुसाट आली आणि डोकं हार्नेसमध्ये घालून उभी राहिली. मी बर्फात गुडघे टेकून तिला किती वेळ धरून बसले, आठवत नाही.

रात्री टोगोचं पुन्हा वाचलं. लिओनहार्ड सेपाला या अलास्कातल्या स्लेजवाल्याचं हे आजारी, बुटकं पिल्लू. त्याने ते पाळायला म्हणून कुणाला तरी देऊन टाकलं, तर हे खिडकीची काच फोडून कित्येक मैल पळत परत आलं. आल्यावरही खोड्या चालूच. गोठ्यातून सुटून चालत्या गाड्यांच्या कुत्र्यांना सतावायचं. शेवटी आठ महिन्यांचा असताना त्याला नाइलाजाने जुंपलं, आणि तो तिथल्या तिथे शांत झाला. पहिल्याच दिवशी ७५ मैल पळाला, दिवस संपता संपता पुढे येऊन पोचला. १९२५ मध्ये नोम गावात घटसर्पाची साथ आली. औषध ६७४ मैल, वीस स्लेजवाल्यांनी हातोहात पोचवलं. त्यातला सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत धोक्याचा, ९१ मैलांचा टप्पा टोगोने पार केला, तोही वयाच्या बाराव्या वर्षी.

त्या घरातल्या माणसांनीही आधी टोगोला हट्टीच म्हटलं असणार.

१६ फेब्रुवारी

पुण्याहून भाच्याचा मेसेज. "मावशी, हस्की घेतोय. ट्रेन होतात ना गं? खरं सांग."

तासभर उत्तर लिहीत होते. होतात, रे. पण शिकवणी हवी तर आधी पळणं हवं. तिच्या लेखी पळणं हीच खरी बिदागी, चिकन नंतर. आम्ही पारा दहा-बाराच्या वर गेला की तिला ओढायला लावत नाही, दोन थरांची लोकर अंगावर घेऊन ती तापते. तुझ्याकडे एप्रिलात चाळीस. मग ती एसीच्या खोलीत बसणार, सोफा फाडणार, हुंदके दिल्यासारखी रडणार, आणि तुम्ही म्हणणार, हट्टी आहे. तिला असं बदनाम करू नकोस. तुमच्या सोसायटीच्या फाटकापाशी जी तांबडी कुत्री असते, तिला घरात घे. तिला पुण्याचा उन्हाळा कळतो.

अजून उत्तर नाही. रागावला असेल. तरी लिहिलं ते बरं केलं.

२३ फेब्रुवारी

तीन आठवडे झाले दोन पोशाखांना. साध्या पट्ट्यावर आज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत दोरी सैल होती, जाता-येता. हार्नेसमध्ये तळ्याभोवती पूर्ण फेरी. पायवाट फुटते तिथे 'हॉ' म्हटलं की डावीकडे, आता न चुकता. 'जी' अजून कच्चं आहे. उजवीकडच्या बाजूला खारींचं झाड आहे, 'ऑन बाय' तिथे दोनदा म्हणावं लागतं.

नवऱ्याने मागून व्हिडिओ काढला, अण्णांना पाठवला. लगेच फोन आला.

"कासरा कुठाय?"

"नाही अण्णा. आवाजावरच वळते."

ते काही बोलले नाहीत. पलीकडून गोठ्यातली घंटा ऐकू येत होती. मग म्हणाले, "डावीकडं वळती तेवढंच परत लाव बघू."