पेटालुमाला जाल तर ‘अंडरकव्हर’ चाखूनच या

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट ओलांडून 101 महामार्गाने निघालं की साधारण 60 किलोमीटरवर पेटालुमा लागतं. तिथल्या लागुनिटास ब्रुअरीची, म्हणजे बिअर कारखान्याची, आयपीए ही कडवट बिअर अमेरिकेत गल्लोगल्ली मिळते, तिच्यासाठी एवढं लांब जायचं कारण नाही. आम्ही गेलो ते ‘अंडरकव्हर इन्व्हेस्टिगेशन शट-डाऊन एल’साठी. ब्रुअरीला झालेल्या शिक्षेच्या रागातून ही बिअर जन्मली.

प्रकरण 2005 चं. दर गुरुवारी 4:20 ला ब्रुअरीत मंडळी जमत, बिअरबरोबर गांजाही फिरे. कॅलिफोर्नियाच्या मद्य परवाना खात्याने कित्येक आठवडे साध्या वेशातली माणसं तिथे पाठवली. त्यांना गांजा विकत घ्यायचा होता, पण पैसे घ्यायला कोणी तयार नव्हतं. लोक फुकटच पुढे करत. अखेर 17 मार्चला, सेंट पॅट्रिक्स डेच्या दिवशी धाड पडली. परवाना 20 दिवसांसाठी निलंबित झाला आणि जानेवारी 2006 मध्ये ब्रुअरी बंद ठेवावी लागली. संस्थापक टोनी मॅगी यांनी ही नामुष्की झाकली नाही. बिअरच्या नावातच घातली.

ग्लासात ती तांबूस दिसते. पहिल्या घोटाला भाजक्या साखरेसारखा माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या सातूचा) गोडवा येतो. आता ही गोडच राहणार असं वाटेपर्यंत हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा) कडवटपणा चढतो आणि घोट उतरल्यावरही जिभेवरून हटत नाही. मला हाच भाग सगळ्यात आवडला. ही बिअर कोणाची मनधरणी करत नाही, आणि तिची हकीकत ठाऊक असली की तो कडूपणा जास्त पटतो. अगदी गार पिऊ नका, दहा मिनिटं थांबा, मग माल्ट मोकळा होतो. अल्कोहोल साडेनऊ टक्क्यांच्या वर आहे, म्हणून आधी छोटा ग्लास मागा आणि सोबत पोटभरीचं खा.

ही बिअर बारमाही नसते. निघण्यापूर्वी टॅपरूमची (ब्रुअरीतल्या पबची) त्या दिवशीची यादी आणि वेळा पाहून घ्या. भारतातून आलेल्या आईवडिलांना नेणार असाल तर मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. आधार कार्ड तिथे चालत नाही.

आम्ही न पिणाऱ्या मित्राच्या गाडीतून गेलो. आता त्याहून चांगली सोय आहे: सॅन फ्रान्सिस्कोहून फेरी बोटीने लार्कस्परला उतरा, तिथून थोडं चालून ‘स्मार्ट’ रेल्वे पकडा. जानेवारी 2025 मध्ये सुरू झालेलं पेटालुमा नॉर्थ स्टेशन ब्रुअरीच्याच नॉर्थ मॅकडॉवेल रस्त्याला लागून आहे.

गांजाबद्दल एक कळकळीचं सांगणं. कॅलिफोर्नियात 2018 पासून तो प्रौढांना दुकानात विकत मिळतो. त्याच वर्षी लागुनिटासने गांजातला नशा आणणारा घटक टीएचसी घातलेलं, बिनअल्कोहोलचं पेयही बाजारात आणलं. पण केंद्राच्या कायद्याने गांजा अजून गुन्हाच आहे. एच-वन (नोकरीच्या) किंवा पर्यटक व्हिसावर असाल तर लांबच राहा.

वेळ असेल तर त्याच रेल्वेने सँटा रोझा गाठा. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर रशियन रिव्हर ब्रुइंगचा जुना पब आहे. त्यांच्या आणि कोलोराडोतल्या एव्हरी ब्रुइंगच्या एकेका बिअरचं नाव ‘सॅल्व्हेशन’च निघालं होतं. नावावरून कोर्टात जाण्याऐवजी दोघांनी दोन्ही बिअर एकत्र मिसळल्या आणि 2006 च्या डिसेंबरमध्ये ‘कोलॅबोरेशन नॉट लिटिगेशन’ बाजारात आणली. नावांच्या भांडणात इतका शहाणपणा क्वचितच दिसतो. ते मिश्रण मिळेल या भरवशावर जाऊ नका, पबमध्ये रशियन रिव्हरची स्वतःची गडद सॅल्व्हेशन आहे का ते विचारा. तीही जड आहे, सावकाश प्या. मात्र बसण्याआधी परतीची गाडी आणि शेवटची फेरी बोट दोन्हींच्या वेळा टिपून ठेवा. संध्याकाळनंतर गाड्या फार कमी असतात.