ठाणे सोडून फोंड्याला राहायला आलो, माझा अनुभव

आमचं बिऱ्हाड ठाण्याहून गोव्यातल्या फोंड्याला हलून आता वर्ष होत आलं. या वर्षात निदान सात-आठ जणांनी फोन करून विचारलं की कसं केलंत, काय काय कागद लागले, आम्हीपण विचार करतोय. प्रत्येकाला तेच सांगताना काहीतरी राहूनच जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

ठाण्यात आम्ही घोडबंदर रोडला भाड्याने राहायचो, टू बीएचके, शेवटच्या वर्षी भाडं ३६,००० झालं होतं आणि दर वर्षी वाढत होतं ते वेगळंच. नवरा अंधेरीला जायचा, जाऊन येऊन साडेतीन तास, पावसात कधी साडेचार. मी घरूनच अकाउंट्स आणि जीएसटी रिटर्नची कामं करते, त्यामुळे मला लॅपटॉप आणि नेट असलं की कुठेही चालतं. २०२४ च्या जूनमध्ये त्याला कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरी मिळाली, पगार आधीपेक्षा थोडा कमीच, पण कागदावर हिशेब मांडला तेव्हा भाड्यातच तो फरक भरून निघत होता. कुंडई फोंडा तालुक्यातच येतं. आणि फोंडा आम्हाला परका नव्हता, सासरची कुलदेवता म्हाळसा, तिचं देऊळ फोंडा तालुक्यातच म्हार्दोळला, दर वर्षी एक फेरी व्हायचीच.

गोव्याला राहायला जातोय म्हटलं की लोक लगेच समुद्राचं बोलायला लागतात. फोंड्याला समुद्र नाही. हा अंत्रुज महाल (या भागाचं जुनं नाव), डोंगर, कुळागरं म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, देवळं, चिऱ्याच्या भिंती आणि पाऊस. शिवाय किनारपट्टीला किंवा पणजी-पर्वरीकडे घर बघाल तर पैसे वाचतील असं अजिबात धरून चालू नका. आम्ही पर्वरीला दोन फ्लॅट बघितले, त्यांची भाडी ऐकून परत आलो. पर्यटकांना दिवसाच्या हिशेबाने खोली देणं जिथे शक्य आहे तिथे मालक बारा महिन्यांच्या कुटुंबाला कशाला स्वस्तात देईल? आत फोंड्याकडे मात्र परिस्थिती वेगळी, आम्हाला कुर्टीला टू बीएचके १८,००० ला मिळाला, दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक भाडं एजंटला.

मला कोणी एकच गोष्ट विचारली तर मी म्हणेन, घर जुलैत बघा. नवरा जूनपासून एका खोलीत पेइंग गेस्ट म्हणून राहत होता, मी जुलैत दहा दिवसांसाठी आले आणि त्या दहा दिवसांत नऊ घरं बघितली. फोटोत जे सगळ्यात छान दिसत होतं त्याच्या बेडरूमचं दार उघडलं आणि ओल्या गोणपाटासारखा वास आला, पश्चिमेची पूर्ण भिंत काळी पडलेली. तळमजल्याची दोन घरं अशीच सोडली. डिसेंबरात बघितली असती तर तिन्ही पसंत केली असती. कपडे कुठे वाळणार, बाल्कनीत पाऊस किती आत येतो, पुढचा रस्ता तुंबतो का, दिवसातून किती वेळा लाईट जाते, हे सगळं फक्त तेव्हाच कळतं. ज्या बिल्डिंगमध्ये भिंती कोरड्या होत्या तिथे तेव्हा एकही घर रिकामं नव्हतं. तळमजल्यावर राहणाऱ्या मालकीणबाईंना नंबर देऊन आले, आणि मार्चमध्ये त्यांचाच फोन आला की वरचा फ्लॅट रिकामा होतोय. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "पावस पडलो की लायट वता, भियेनाका," म्हणजे पाऊस पडला की लाईट जाते, घाबरू नका. इन्व्हर्टर घेतला, माझं काम नेटवर असल्यामुळे तो चैन म्हणून नाही तर गरज म्हणूनच धरा.

आता शाळा. आम्ही जवळजवळ माघार घेणार होतो ते याच मुद्द्यावर. मुलगा ठाण्यात मराठी माध्यमात, सेमी इंग्लिशला होता, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. मला वाटलेलं गोव्यात मराठी शाळा भरपूर आहेत, आणि आहेतच, पण त्या प्राथमिकच्या. सरकारी प्राथमिक शाळा मराठी नाहीतर कोंकणी माध्यमाच्या असतात आणि पाचवीपासून पुढे जवळपास सगळं इंग्रजी माध्यम. तो जाणार होता सहावीत. म्हणजे इतिहास, भूगोल सगळं एकदम इंग्रजीत. मराठी तिसरी भाषा म्हणून घेता येते, ती घेतलीच, पण विषय म्हणून शिकणं आणि त्या भाषेत शिकणं यात किती फरक आहे ते आई म्हणून मला रोज दिसतं. याचं मला मनापासून वाईट वाटलं आणि अजून वाटतं. ज्या भागात देवळादेवळात मराठी नाटकं होतात, भजनं मराठीत म्हणतात, घरोघर मराठी पेपर येतो, तिथे पाचवीनंतर मुलांना मराठीत भूगोल शिकायला मिळू नये?

त्यात तारखांचा गोंधळ. गोव्यात २०२५ पासून सहावी ते दहावीचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालं, ७ एप्रिलला, आणि महाराष्ट्रात त्या वर्षी परीक्षाच २५ एप्रिलपर्यंत होत्या. म्हणजे इथे त्याचा सहावीचा वर्ग भरला होता आणि तिथे तो पाचवीचे पेपर देत होता. इथल्या मुख्याध्यापिकाबाईंना मी मार्चमध्येच भेटून सगळं सांगून ठेवलं होतं म्हणून त्यांनी जागा धरून ठेवली, नाहीतर कठीण होतं. त्यामुळे मुलं सहावीच्या पुढे असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्येच शाळेत जाऊन भेटा, फोनवर नको.

दाखल्याचं तर नीट लक्ष देऊन वाचा. ठाण्याच्या शाळेने मेच्या पहिल्या आठवड्यात शाळा सोडल्याचा दाखला दिला, मी तो फाईलमध्ये घालून खुशाल फोंड्याला आले. इथल्या क्लार्कनी बघितला आणि म्हणाले, बाय, दुसऱ्या राज्यातला दाखला आहे, यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. आमच्या जुन्या शाळेने ते सांगितलं नव्हतं आणि मला माहीतच नव्हतं. मे महिना, कोकणकन्या फुल, मांडवी फुल, सगळीकडे वेटिंग. शेवटी रात्रीच्या बसने ठाणे गाठलं, साहेब दुसऱ्या दिवशी भेटले, सही आणि शिक्का दहा मिनिटांत झाला, पण त्या दहा मिनिटांसाठी तीन दिवस गेले. तेव्हा दाखला हातात पडला की गाव सोडायच्या आधी ती सही घ्या. अजून एक, यूडायस प्लस म्हणून सरकारी पोर्टल आहे, तिथे प्रत्येक मुलाचा पेन नंबर, म्हणजे कायमचा विद्यार्थी क्रमांक असतो, जुन्या शाळेने तिथून मुलाचं नाव सोडल्याशिवाय नवीन शाळेला त्याला आपल्याकडे घेता येत नाही. यासाठी मात्र जावं लागत नाही, फोनवर काम होतं, पण सुट्टी लागायच्या आत करून घ्या कारण नंतर शाळेत फोन उचलायला कोणी नसतं.

सामान १० मेला हललं. तीन जणांकडून कोटेशन घेतलं होतं, ज्याचं घेतलं त्याने आदल्या रात्री सांगितलं की गोव्याच्या बॉर्डरवर टॅक्स भरावा लागेल, त्याचे ४,००० वेगळे. आता हे माझं रोजचं काम, त्यामुळे मला माहीत होतं की घरातल्या वापरलेल्या सामानाला ई-वे बिल (माल नेताना काढायचा ऑनलाइन कागद) सुद्धा लागत नाही, नियमातच तशी सूट दिलेली आहे, आणि असा कुठला टॅक्स नाही. मी सामानाची यादी करून त्यावर "वापरलेलं घरगुती सामान, विक्रीसाठी नाही" असं लिहून सही केली, सोबत आधारची झेरॉक्स आणि नवऱ्याचं अपॉइंटमेंट लेटर जोडलं. गाडी कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी करत गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीला पोचली, नाक्यावर कागद बघून सोडली. चार हजार वाचले. पार्टिकल बोर्डची कपाटं मात्र ठाण्यातच विकून टाकली, त्याबद्दल मालकीणबाईंचे आभार मानते, त्यांनीच सांगितलं होतं की हे इथल्या पावसात फुगतं. त्या वर्षी पाऊस मेमध्येच सुरू झाला, आम्ही वाचलो म्हणायचं.

कागदांमध्ये क्रम चुकला की सगळं अडतं. गोव्यात भाड्याचा करार बहुतेक ११ महिन्यांचा, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून देतात. तो घेऊन मी आधारचा पत्ता बदलायला गेले तर परत पाठवलं, रजिस्टर्ड करार लागतो म्हणाले. मालकीणबाईंना रजिस्ट्रेशन नको होतं, त्यांच्या जागी मी असते तर मलाही भीती वाटली असती, आयुष्यभराच्या कमाईचं घर आहे त्यांचं. मग रस्ता निघाला तो गॅसमधून. ठाण्याच्या एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाऊचर घेतलं होतं (तिथलं डिपॉझिट परत मिळतं, इथे आजच्या दराने नवीन भरावं लागतं), ते, नोटरी केलेला करार आणि मालकीणबाईंचं लाईट बिल यावर इथे कनेक्शन मिळालं. गॅसचं बिल आलं की ते तीन महिन्यांच्या आत आधारसाठी चालतं. आधार झालं की बँक, मग मतदार यादीसाठी फॉर्म ८, मग बाकी सगळं. पोलिसांकडे भाडेकरूचा फॉर्म मात्र पहिल्या आठवड्यातच भरा, तो मालकाच्या आणि आपल्या दोघांच्याही भल्याचा असतो.

गाडीचं थोडक्यात. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, त्यावर चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट, गाडीवर लोन असेल तर बँकेचं पत्र. मग इथे फॉर्म २७ आणि इथला रोड टॅक्स, आणि जुन्या राज्यातल्या उरलेल्या वर्षांचा टॅक्स परत मागायचा वेगळा अर्ज. आमची स्कूटर एमएच ०४ ची आता जीए ०५ झाली.

खर्चाचं खरं सांगायचं तर भाडं निम्मं झालं, पण सगळंच निम्मं झालं नाही. भाजी बेळगावहून येते त्यामुळे स्वस्त नाही, आम्ही फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर घेतो, तिथे दर बरा असतो. लोकल नाही, ओला-उबर नाही, संध्याकाळी आठनंतर बस मिळेलच असं नाही, म्हणून मला दुसरी स्कूटर घ्यावी लागली. दुपारी एक ते चार दुकानं बंद, पहिल्या महिन्यात याचा राग यायचा, आता मीच त्या वेळात कोणाला फोन करत नाही. आणि घरात वयस्क माणूस असेल तर हे लक्षात ठेवा, गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेच्या कार्डाला पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, म्हणून आम्ही सासूबाईंचा आधीचा मेडिक्लेम चालू ठेवलाय, बंद करू नका.

सासूबाईंची मला सगळ्यात जास्त काळजी होती. बहात्तर वर्षं वय, ठाण्यात सगळ्या मैत्रिणी, रोजचा बागेतला कट्टा. पहिले दोन महिने त्या गप्प असायच्या. सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर पों पों करत येतो, त्याच्याकडून त्यांनी पहिल्यांदा "पोळी" मागितली आणि हातात कोंड्याचा गोल पाव आला, तेव्हा त्यांना इतकं परकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, मला आजही तो चेहरा आठवतो. मग मालकीणबाई त्यांना एका सोमवारी देवळात भजनाला घेऊन गेल्या. तिथे सगळे अभंग यांचे पाठ. घरी आल्या त्या बोलतच आल्या, अगं म्हाळसासुद्धा मूळची वेर्ण्याची ना, पोर्तुगीजांच्या काळात तिलाही घर सोडून इकडे यावं लागलं, मंगेशाचंही तसंच, कुठ्ठाळीहून आला. हे त्यांना पूर्वीपासून माहीत होतं, पण त्या दिवशी त्या निराळ्याच समजुतीने सांगत होत्या. चवथीला मालकीणबाईंकडची माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट) बांधायला त्या दोन दिवस आधीपासून बसल्या होत्या.

मुलाचं हळूहळू जमतंय. रात्री मी त्याला इतिहासाचा धडा आधी मराठीत समजावते आणि मग तो इंग्रजीतून वाचतो, पहिल्या चाचणीत २० पैकी ७ होते, मागच्या वेळी १३. मित्रांशी कोंकणीत बोलतो.

ठाण्याच्या रोड टॅक्सचा परतावा अजून यायचाय, त्यासाठी पुढच्या महिन्यात एक फेरी आहे. येताना सासूबाईंचं शिलाई मशीन आणायचंय, ते ट्रकमध्ये मावलं नाही म्हणून नणंदेकडे ठेवलं होतं, त्यांनी इथे दोघी-तिघींच्या ब्लाऊजची कामंही घेऊन ठेवलीत.