आमची वाटचाल : ट्रसचा सांधा आणि पाइपचं तोंड

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचं स्टील डिटेलिंगचं ऑफिस आहे. दिंडोरी, पिंपळगाव, सिन्नर भागातली पॅकहाउस, कोल्ड स्टोरेज, कारखान्यांच्या शेड यांची शॉप ड्रॉइंग, म्हणजे प्रत्येक भाग कसा कापायचा-जोडायचा ते दाखवणारी ड्रॉइंग, आम्ही काढतो. बरी गेलेली वर्षं सांगत बसत नाही. फर्म बंद पडायची वेळ आली ती एका सांध्यावरून, तेवढं सांगतो.

इथल्याच एका ऑफिसने ट्यूब्युलर ट्रस, म्हणजे छपराच्या पाइपच्या कैच्या, टनामागे आमच्या निम्म्या दराने घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या मॉडेलमध्ये ब्रेस (मधला आडवा-तिरका पाइप) थेट कॉर्डच्या (वरच्या-खालच्या मुख्य पाइपच्या) सेंटरलाइनपर्यंत, म्हणजे मध्यरेषेपर्यंत, घुसवलेला असायचा. थ्रीडीमध्ये ते झकास दिसतं, कारण आत काय शिरलंय ते बाहेरून कळत नाही. पण कट लिस्टला, म्हणजे पाइप कापायच्या यादीला, सेंटर-टू-सेंटर लांबी जाते, पाइप लांब येतो आणि फिटर तो अंदाजाने गॅसने कापतो. पार्टीने दर पाहिला, काम तिकडे दिलं. त्यातच एका ठेकेदाराने आमचं झालेल्या कामाचं बिल अडवलं आणि पगार निघेनात. ते बिल अजून पूर्ण आलेलं नाही.

त्या निम्म्या दरात काय सुटतं ते बघा: ब्रेसचं तोंड कॉर्डच्या गोलाईप्रमाणे कापणं. 100 एनबी (पाइपचं नाममात्र माप) कॉर्डवर, म्हणजे बाहेरचा व्यास 114.3 मिमी, 60.3 मिमी व्यासाचा 50 एनबी ब्रेस काटकोनात सरळ कापून बसवला, तर दोन्ही कुशींना 8.6 मिमी फट राहते. वेल्डर ती रॉड ओतून भरतो. 3.6 मिमीची भिंत जळते, उष्णतेने कॉर्ड ओढला जातो आणि ट्रसचा कॅम्बर, म्हणजे मुद्दाम दिलेला वरचा बाक, बिघडतो.

टेक्ला आणि रेव्हिट ही मॉडेल काढायची सॉफ्टवेअर. टेक्लात पोकळ कॉर्डनेच ब्रेसला पार्ट कट (एका भागाच्या आकाराने दुसरा कापणं) देऊ नका. भिंतीएवढंच कापलं जातं, ब्रेसचा तुकडा कॉर्डच्या पोटात तसाच उरतो आणि लांबी पुन्हा चुकते. कॉर्डच्या बाहेरच्या व्यासाचा भरीव गोल बार त्याच सेंटरलाइनवर ठेवा आणि त्याने कट घ्या. रेव्हिटमध्ये लेआउट पक्का झाला की ट्रस फॅमिली (सगळे मेंबर बांधून ठेवणारा साचा) काढून टाका, मेंबर जागेवर राहतात. ब्रेसच्या टोकाला डिसअलाउ जॉइन द्या, म्हणजे ते आपोआप जोडलं जात नाही, टोक कॉर्डच्या आत ओढा, मग कोपिंग, म्हणजे कॉर्डच्या आकाराने कापणं, लावा. कोपिंग डिस्टन्स मूळचंच ठेवलं तर मोकळी फट दिसते. ते शून्याजवळ आणा.

के-जॉइंटला, म्हणजे दोन तिरके ब्रेस कॉर्डवर एकत्र येतात त्या सांध्याला, दोन ब्रेसच्या मधली गॅप त्यांच्या जाड्यांच्या बेरजेपेक्षा कमी नको, 3.6 मिमीच्या दोन पाइपांना किमान 7.2. तेवढी जागा नसेल तर ओव्हरलॅप घ्या, पण क्रम पाळा: जड ब्रेस फक्त कॉर्डने कापायचा, हलका ब्रेस कॉर्डने आणि जड ब्रेसने, दोन्हींनी.

पडत्या काळात एका माणसाने हात सोडला नाही. अंबडमधलेच जुने फॅब्रिकेटर, आमचे अण्णा. त्यांच्याकडे सीएनसी (संगणकावर चालणारा) पाइप कटर नाही. आम्ही 1:1 कागदी टेम्पलेट देतो, ते पाइपवर गुंडाळून पंच मारतात, गॅसने कापतात, ग्राइंडर फिरवतात. 50 एनबीला टेम्पलेटची रुंदी 189.4 मिमी, वर कागदाच्या जाडीपुरती किंचित सूट. प्रिंट काढताना 'फिट टू पेज' बंद हवं, म्हणून प्रत्येक पानावर आम्ही 100 मिमीची रेघ छापतो. आधी ती पट्टीने मोजायची. अण्णांच्याच सांगण्यावरून दोन्ही टोकांच्या टेम्पलेटवर एकच शून्य अंशाची रेघ देऊ लागलो. ही रेघ पाइपवर लांबीभर आखून घ्यावी लागते. दोन तोंडं एकमेकांशी थोडी जरी फिरली तरी तो पाइप भंगारात जातो. अण्णांनी दर कधी पाडून मागितला नाही, आणि त्यांच्या कामांवरच ऑफिसचं भाडं निघत राहिलं.

हळूहळू तिकडे गेलेल्या काही पार्ट्या परत आल्या. डिटेलिंग कुणाकडूनही करून घ्या, पण ड्रॉइंग ताब्यात घेण्याआधी सांध्याच्या मधोमध सेक्शन काढून मागा. कॉर्डच्या आत ब्रेसचं टोक दिसलं, तर मॉडेल परत पाठवा आणि नव्या कट लिस्टशिवाय पाइपची ऑर्डर देऊ नका.